माईंच्या पाठीवरचा डाग

“बंदूक नाही हो आप्पा, मार्कर!”

“बरं बाई, मार्कर.”

“आणि आतल्या गोळ्यांना पेंट म्हणायचं. ‘पेंट भरला का?’ असं विचारायचं.”

“दिसायला गोळी, उडायला गोळी, आणि म्हणायचं पेंट.” आप्पांनी इस्त्री उभी करून ठेवली. “शर्टाला तरी शर्टच म्हणतात ना तिकडे? का तेही बदललंय?”

चिऊने कपाळावर हात मारून घेतला. लाँड्रीच्या मागच्या भिंतीशी माई चादरीची घडी घालत होत्या, त्या चादरीआडच हसल्या.

रविवार जवळ येत होता आणि चिऊचा जीव टांगणीला लागला होता. शहराच्या टोकाला, गोदामांच्या मागे, पेंटबॉलचं एक मैदान होतं. तिथल्या खेळाडूंचे जाड सूट धुवायला आप्पांच्याच लाँड्रीत येत. गाठोडं सोडलं की नारिंगी, हिरवे, जांभळे डाग अंगावर धावून येत. आप्पांनी तो खेळ कधी पाहिला नव्हता, पण त्याचे डाग मात्र ते नावागावानिशी ओळखत. गाठोडं घेऊन यायचा तो मैदानावरचा पंच. उंच, शांत, बोलण्याआधी घसा साफ करणारा मुलगा. सगळे त्याला पंच म्हणूनच हाक मारत, घरीसुद्धा. आधी गाठोडं आठवड्याने यायचं, मग दिवसाआड यायला लागलं. पुढे पुढे तर धुतलेले सूटच परत धुवायला येऊ लागले.

“या मुलाला डाग दिसतात तरी कुठे?” आप्पा सूट उजेडात धरून म्हणाले होते.

“डाग नाही हो, त्याला दुसरंच काहीतरी दिसतंय,” माई म्हणाल्या होत्या, आणि चिऊ हँगर मोजायला लागली होती. लाँड्रीच्या इतिहासात हँगर कोणी कधी मोजले नव्हते.

पंचाची आई त्या मैदानाच्या मालकीण. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंनी निरोप धाडला होता, ‘मुलगी आम्हाला पसंत आहे. आता माणसं बघायची. रविवारी सकाळी नवरा-बायको दोघं खेळायला या. बैठकीत सगळेच गोड बोलतात. रंग लागला की माणूस खरा कळतो.’

“म्हणजे आपली परीक्षा,” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाठ करायला घेतले. त्यांना भीती एकच होती. चारचौघांत तोंडातून भलता शब्द जायचा आणि पोरीची मान खाली व्हायची.

चिऊ रोज संध्याकाळी टेबलाशी उभी राहून शिकवू लागली. मार्करच्या डोक्यावर पेंट भरायचा डबा असतो तो हॉपर. आडोशाला मांडलेल्या हवा भरलेल्या गाद्या, ते बंकर. धावत जाऊन समोरच्याला त्याच्याच बंकरमागे गाठलं तर ते बंकरिंग. मार्कर किती जोरात मारतो ते यंत्रावर तपासायचं, तो क्रोनो. खेळ संपला की मार्करच्या नळीवर कापडी टोपी चढवायची, म्हणजे चुकून उडाला तरी कोणाला लागत नाही.

“टोपी कशाला, कुंची म्हण. तान्ह्या बाळाला घालतो तशी,” आप्पा म्हणाले. शब्द त्यांच्या हातात आला की ते त्याला आपल्याकडचं काहीतरी नेसवल्याशिवाय सोडत नसत. शिवाय पाठांतराची त्यांची रीत निराळी होती. इस्त्री पुढे गेली की अर्धी ओळ, मागे आली की उरलेली अर्धी.

“मार्कर म्हणावे, बंदूक म्हणू नये,
रंगाच्या खेळामधी, वैर आणू नये.
नळीच्या डोईला, कुंची गं घालावी,
तान्हुली झोपली, हळूच चालावी.”

“आप्पा, खेळाचे नियम आहेत ते! पाळणा नाही!”

“पाठ झालं ना? मग झालं तर.”

घड्या घालता घालता माईंनाही सगळं पाठ झालं होतं. पण त्यांना कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची त्यांना सवय नव्हती.

“आता सगळ्यात महत्त्वाचं,” चिऊ शेवटच्या संध्याकाळी म्हणाली. “रंग अंगावर फुटला तर हिट. आपण बाद. हात वर करायचा आणि बाहेर चालू लागायचं. गोळी न फुटता उडून गेली तर बाउन्स, खेळ चालू. शंका आली तर ‘पेंट चेक’ म्हणून ओरडायचं, पंच येऊन बघतो. आणि अंगावरचा रंग गुपचूप पुसून खेळत राहिलं, तर…”

“तर?”

“त्याला वायपिंग म्हणतात.” चिऊचा आवाज आपोआप खाली आला. “आप्पा, त्या मैदानावर याच्याइतका वाईट शब्द नाही. बाईंनी फाटकावर पाटीच लावलीय, ‘पुसणाऱ्याला पुन्हा प्रवेश नाही.’ त्यांच्या सख्ख्या दिराने एकदा कोपराचा रंग पुसला. तेव्हापासून घरात काही कार्य असलं की तो फाटकाबाहेर उभा राहून हात हलवतो.”

“त्यांचं घर…”

“फाटकाच्या आतच आहे.”

आप्पांना सगळा नकाशा दिसला. आत चिऊ, बाहेर आपण, मध्ये लोखंडी फाटक. त्यांनी इस्त्री जरा जोरातच दाबली.

“छे! रंग पुसून लबाडी? असलं कोण करतं?”

“रंग फुटे अंगावरी, हात वर करावा,
पुसून जो खेळे त्याचा, संग ना धरावा.”

ही ओवी त्यांना इतकी आवडली की रात्री जेवतानाही ते ती गुणगुणत होते. जीभ अगदी तयार झाली होती. हातांना काही शिकवायचं असतं, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी बाई फाटकाशीच उभ्या होत्या. आखूड केस, गळ्यात दुर्बीण, पायात बूट. शेजारी त्यांचे भाऊ, सगळ्यांचे मामा, अंगाने भरलेले आणि आतापासूनच दमलेले.

“या, या! प्रवासात त्रास नाही ना झाला?”

“छे, छे,” आप्पा म्हणाले, आणि श्वास घेऊन पुढे म्हणाले, “क्रोनो झाला का?”

बाईंच्या भुवया वर गेल्या. मामांनी बाईंकडे पाहिलं. मागे उभ्या असलेल्या पंचाचे कान लाल झाले आणि चिऊच्या जिवात जीव आला.

“झालाय की! वा आप्पा, तयारीनिशी आलात!”

“नळीला कुंची… आपलं ते, टोपी आहे ना?”

“कुंची!” बाई मोकळ्या हसल्या. “आजपासून आम्हीपण कुंचीच म्हणणार.”

आप्पा भरात आले. सूट चढवताना त्यांनी पँटच्या खिशातलं ओलं फडकं काढून सूटच्या खिशात ठेवलं. मुद्दाम नाही. ते फडकं जवळ नसलं की त्यांना अनवाणी असल्यासारखं वाटे. ओला डाग मित्र, वाळला की वैरी, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं वाक्य होतं. डाग दिसायचा अवकाश, हात फडक्याकडे जाई, आणि डोक्याला ते नंतर कळे.

मुखवटे चढले. माईंनी मार्कर हातात घेतला तो वाफेची इस्त्री धरावी तसा, घट्ट आणि सपाट. एका बाजूला आप्पा आणि माई, दुसऱ्या बाजूला बाई आणि मामा. चिऊ जाळीबाहेर बोटं जाळीत अडकवून उभी. मधोमध पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यात पंच. त्याने घसा साफ केला आणि शिट्टी फुंकली.

आप्पा आणि माई जवळच्या बंकरमागे जाऊन बसले. समोरून टप टप टप असा आवाज यायला लागला, पत्र्यावर कोणी वाटाणे ओतावेत तसा. एक गोळी येऊन आप्पांच्या खांद्यावर आदळली.

“पेंट चेक!” आप्पा आनंदाने ओरडले.

पंच धावत आला, खांदा पाहिला. “बाउन्स. फुटली नाही. खेळा आप्पा.”

“बाउन्स,” आप्पांनी माईंना सांगितलं, जणू तो पुरस्कारच होता.

“कळलं हो,” माई म्हणाल्या. त्या बंकरच्या डाव्या कडेने डोकावून बघत होत्या. “मामा त्या पिवळ्या गादीमागे आहेत. दम लागलाय त्यांना, इथपर्यंत ऐकू येतंय. जाऊ का मी?”

“कुठं जाऊ? बस गप. गुडघे आहेत का तुझे पळायचे?”

माई गप्प बसल्या. त्या तशा आयुष्यभर गप्प बसत आल्या होत्या, म्हणून आप्पांना त्यात काही जाणवलं नाही. पण त्या कडेने आणखी जरा बाहेर झुकल्या, आणि त्यांची पाठ उजवीकडे मोकळी पडली.

थाड!

माईंच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, टवटवीत नारिंगी डाग फुटला. ओला. पसरत चाललेला.

आप्पांनी फडकं काढलं आणि पुसलं. बाहेरून आत, बाहेरून आत, हलक्या हाताने, डाग पसरू न देता. फडक्याची बाजू बदलली, आणखी एक हात फिरवला, फडकं खिशात गेलं. सगळं इतकं सुबक आणि झटपट झालं की ते त्यांनी केलं असं म्हणणंही कठीण. ते त्यांच्या हातून होऊन गेलं.

माईंनी मागे वळून पाहिलं. मुखवट्याआड त्यांचे डोळे मोठे झालेले दिसले. क्षणभर त्या आप्पांकडे बघत राहिल्या. मग उठल्या, सूटच्या पायाचा घोळ डाव्या हाताने वर धरला आणि धावत सुटल्या.

“अगं! अगं ए!”

ऐकायला माई थांबल्याच नव्हत्या. पाणी येण्याच्या वेळी बायका नळाकडे धावतात तशा त्या धावल्या, वाकड्यातिकड्या, पण कोणाच्या बापाचं न ऐकता. पिवळ्या गादीला वळसा घालून त्या मामांच्या पुढ्यात जाऊन उभ्या ठाकल्या. मामा खाली बसून हॉपरमध्ये पेंट भरत होते.

“बंकरिंग!” माई म्हणाल्या. “मारू का?”

“नका हो नका!” मामांनी दोन्ही हात वर केले. पेंटच्या गोळ्या गडगडत चहूकडे गेल्या. “शरण आलो! बाद!”

हा आरडाओरडा कसला म्हणून बाईंनी दूरच्या बंकरमागून डोकं आणि मार्कर बाहेर काढला. माईंनी डोळे मिटून चाप ओढला. गोळी बाईंच्या हॉपरवर जाऊन फुटली.

“मार्करवर लागलं तरी हिटच!” माई ओरडल्या. “असाच नियम आहे ना?”

जाळीबाहेर चिऊ उड्या मारत होती. बाईंनी हात वर केला आणि त्या हसतच बाहेर आल्या. पंचाने डाव संपल्याची शिट्टी वाजवली, जरा अडखळतच. पण सगळे इतके आनंदात होते की शिट्टी अडखळली हे कोणाला कळलं नाही.

मैदानाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली चहा होता. मार्करना कुंच्या चढल्या, मुखवटे उतरले. माईंचे गाल लाल झाले होते, केस विस्कटले होते. आप्पा बघत राहिले. हिला आपण कुठेतरी पाहिलंय, असं त्यांना वाटलं. मग आठवलं, लग्नाच्या आधी पाहिलं होतं.

घाम पुसायला त्यांनी खिशातलं फडकं काढलं. फडक्यावर नारिंगी डाग होता.

आप्पा त्या डागाकडे बघत राहिले. एवढा ओळखीचा डाग, पण आज तो ओळख द्यायला तयार नव्हता. मग एकदम ओळख पटली. त्यांनी फडकं मुठीत दडवलं. पुसून जो खेळे त्याचा… हळूच मान वर केली तर समोर पंच उभा. तो आप्पांच्या मुठीकडे बघत होता. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. पंचाने घाईघाईने चहाच्या किटलीकडे पाहिलं.

‘सांगून टाकावं,’ आप्पांच्या मनात आलं. ‘आत्ताच सांगावं. दोन शब्दांचं काम.’

“पण माई,” बाई कप पुढे करत म्हणाल्या, “तुम्ही तर पहिल्यांदाच खेळताय. एवढं धाडस आलं कुठून हो? मी इतकी वर्षं बघतेय, नवा माणूस बंकर सोडत नाही.”

माई लाजल्या. पदर नव्हता, म्हणून त्यांनी सूटची बाही तोंडापुढे धरली.

“सांग ना माई,” चिऊ म्हणाली.

“काही नाही गं. मी आपली घाबरून बसले होते. हे म्हणाले, पळायचे गुडघे आहेत का तुझे. म्हटलं, नसतील बाई. आणि तेवढ्यात…” त्या थांबल्या. “तेवढ्यात यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शाबासकीची. आणि वरून हात फिरवला. असा, हळूच.” त्यांनी हवेतच हात फिरवून दाखवला. “आता तुम्हाला म्हणून सांगते, बाई, इतका संसार झाला, पण चारचौघांत यांनी माझ्या पाठीवर हात फिरवलाय असं कधी झालं नाही. घरातसुद्धा यांचं कौतुक म्हणजे ‘मीठ बरोबर आहे’. मला वाटलं, हे मनातलं बोलतायत. म्हणतायत, जा तू. मग गुडघ्यांना काय होतंय!”

मामांनी नाक ओढलं. चिऊचे डोळे भरून आले आणि ती वडिलांकडे अशी बघायला लागली, की आप्पांना मैदानात एखादं भोक असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

“हे बघा,” बाई गहिवरून म्हणाल्या, “खरं सांगते, मला यांचीच शंका होती. गाठोडं द्यायला गेलं की वर मान करून बघत नाहीत, म्हटलं हा माणूस कोरडा दिसतोय. पण बायकोला पुढे घालून जो मागून शाबास म्हणतो, त्या घरची मुलगी…”

म्हणजे आता दोन्हीकडून कात्री. गप्प राहावं तर फाटकावरच्या पाटीखालून लबाडीने आत जायचं. सांगावं तर फाटक बंद होणार ते होणारच, पण माईंच्या पाठीवरची शाबासकीही पुसली जाणार. डाग पुसायला एक हात पुरला होता. शाबासकी पुसायला तर एक शब्द पुरणार होता. आप्पांनी माईंकडे पाहिलं. त्या अजून हवेत फिरवलेला हात मांडीवर जपून ठेवल्यासारख्या बसल्या होत्या.

‘हे नेमकं काय झालं, त्याला शब्द शिकवला नाही पोरीने,’ आप्पांना वाटलं. मग ते उठले. त्यांचा हात आपोआप वर गेला.

“हिट,” ते म्हणाले.

“आप्पा, खेळ संपला,” चिऊ हसून म्हणाली. “आता बसा.”

“संपला नाही. माई बाद होती.” त्यांनी मूठ उघडून फडकं टेबलावर ठेवलं. “थाप मामांच्या गोळीची होती. फुटली होती. आणि मी… मी हात नाही फिरवला. पुसलं. वायपिंग. लबाडी करायची म्हणून नाही हो, डाग ओला दिसला आणि हात गेला. पण पुसलं ते पुसलंच.”

मामांनी हातातला कप खाली ठेवला.

“म्हणजे मी मारली होती?” मामा म्हणाले. “मला वाटलं, नेम चुकला. मुखवट्याची काच धुरकटली होती माझी.”

आप्पा माईंकडे बघत नव्हते. बघवत नव्हतं.

“तरीच,” माई हळू आवाजात म्हणाल्या. “तरीच मला वाटलं, इतका गोल गोल कसा काय फिरतोय हात. बाहेरून आत, बाहेरून आत. कॉलर पुसता तसा.” त्यांनी कप उचलला, तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. “असू दे. डाग तरी बघितलात.”

तेवढ्यात पंचाने घसा साफ केला आणि त्यानेही हात वर केला.

“तुला काय झालं?” बाईंनी विचारलं.

“मी पाहिलं होतं. शिट्टी तोंडात होती, पण… वाजली नाही.”

“वाजली नाही की वाजवली नाहीस?”

पंच बुटाने माती उकरायला लागला.

“अरे, तू पंच आहेस की जावई?”

“जावई अजून झालो नाही,” पंच मान खाली घालून म्हणाला, “आणि पंच आता राहिलो नाही.”

बाईंनी डोळ्यांना बोटं लावून दाबली. मग त्या फाटकावरच्या पाटीकडे बघत राहिल्या. चिऊही तिकडेच बघत होती. ओढणीचं टोक तिने इतकं पिळलं होतं की त्यातून पाणी निघालं असतं.

“ती पाटी पकडलेल्यांसाठी आहे,” बाई शेवटी म्हणाल्या. “आमच्या दिराला पकडला तेव्हा तो म्हणाला, रंग नाही, घाम होता. अजून तेच म्हणतो. स्वतःहून येऊन सांगणाऱ्यासाठी मी पाटीच केली नाही. का, तर असं आजवर कोणी आलं नाही. आता त्याची वेगळी पाटी करत बसू का मी?” त्या उठल्या. “डाव रद्द. परत खेळायचं. आत्ता. तू ती शिट्टी दे इकडे.”

पंचाने गळ्यातली शिट्टी काढून दिली. बाईंनी ती चिऊच्या हातात ठेवली.

“मी?” चिऊ दचकली. “अहो पण आई-वडीलच खेळणार, आणि…”

“म्हणूनच तू. या घरात यायचंय ना? मग बघू दे तरी, शिट्टी वाजते का तुझी. आणि तू रे, आमच्या दोघांच्या जागी एकटा खेळ. मी इथून बघते. मामा बसू दे, त्याचा चहा राहिलाय.”

मामांनी हा निर्णय विनातक्रार मान्य केला.

पुन्हा मुखवटे चढले. आप्पा आणि माई पुन्हा त्याच बंकरमागे येऊन बसले, मध्ये हातभर अंतर ठेवून. समोरून टप टप सुरू झालं. माई कडेने डोकावत होत्या, पण मघासारख्या झुकत नव्हत्या.

“पंच कुठाय?” आप्पांनी विचारलं.

“पिवळ्या गादीमागे.”

“जातेस?”

“नको. गुडघे दुखतायत.”

टप. टप टप. आप्पांना बोलायचं होतं. त्यांनी सगळे शब्द चाचपून पाहिले. मार्कर, हॉपर, क्रोनो, बाउन्स. एवढे नवे शब्द आणि एवढे जुने शब्द, पण त्यातला एकही हवा तेव्हा जिभेवर येईना. शेवटी त्यांनी हात पुढे केला आणि माईंच्या पाठीवर ठेवला.

माई ताठ झाल्या. “आता काय? परत डाग?”

“नाही.”

“मग?”

“काही नाही.”

“फडकं कुठाय?”

“चहाच्या टेबलावर. तिथंच राहिलं.”

माईंची ताठ पाठ हळूहळू सैल झाली. सूट जाड होता, तरी त्यातून तळव्याला ऊब लागली. आप्पांनी हात फिरवला नाही. फिरवला असता तर सवयीने गोल फिरला असता, अशी त्यांना भीती वाटली. नुसता ठेवला.

“मीठ,” आप्पा म्हणाले आणि घुटमळले. “मीठ बरोबरच असतं तुझं. पण मला म्हणायचं असतं… सगळंच.”

“आत्ता सांगताय?” माई म्हणाल्या. “गोळ्या उडतायत वरून.”

“मग कधी सांगू?”

थाड!

गोळी बरोबर आप्पांच्या हातावर फुटली. माईंच्या पाठीवर ठेवलेल्या त्याच हातावर. नारिंगी रंग बोटांच्या फटींतून ओघळला, मनगटावर आला. पिवळ्या गादीमागून पंचाने डोकं वर काढलं. नेम इतका अचूक लागल्याचं त्यालाच फार वाईट वाटलेलं दिसत होतं.

शिट्टी वाजली. खणखणीत, लांब, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. छपराखाली बाईंनी मामांना कोपराने ढोसलं.

“हिट! आप्पा बाद!” चिऊ धावत आली. “माईला लागलं नाही, रंग हातावर फुटलाय. माई खेळात आहे. आप्पा, हात वर करा आणि बाहेर या.”

आप्पा हलले नाहीत.

“आप्पा, हात वर!”

“एक मिनिट गं.”

“एक मिनिट असं काही नसतं! नियम आहे! तुम्हीच ओवी केलीत ना? रंग लागला की हात वर करायचा!” बोलता बोलता चिऊला माईंचे डोळे दिसले, मुखवट्याआड मिटलेले. तरी ती पंच होती. तिने पुन्हा शिट्टी फुंकली. या वेळी ती जरा ओली वाजली. “आप्पा… हात.”

आप्पांनी मान डोलावली. नियम त्यांना पाठ होता, आणि तो मोडायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी हात वर केला.

दुसरा.